कडुनिंबाच्या कपाटाचा चातुर्मास

लाकूड मेल्यानंतरही श्वास घेतं.

हे वाक्य मी संगमनेरला एका फर्निचरच्या दुकानाच्या उद्घाटनात ऐकलं. प्रमुख पाहुण्यांनी ते सावकाश, प्रत्येक शब्दाला स्वतंत्र खुर्ची दिल्यासारखं उच्चारलं आणि टाळ्यांसाठी थांबले. टाळ्या झाल्या. मलाही शाल आणि नारळ मिळाला, कारण मी शाळेत मराठी शिकवतो आणि दुकानदाराची मुलगी माझ्या वर्गात होती. नंतर दुकानातून एक फेरी मारली तेव्हा लक्षात आलं की तिथे लाकूड असं फारसं नव्हतंच. बहुतेक माल भुसा दाबून केलेल्या फळ्यांचा होता आणि वर सागाच्या रेघा छापलेला कागद चिकटवलेला होता. श्वास घ्यायचाच झाला तर तो त्या कागदाला घ्यावा लागला असता.

तरी वाक्य खोटं नव्हतं. आमच्या घरात असं एक कपाट आहे. मृग लागला की ते श्वास आत ओढायचं आणि दिवाळी उलटेपर्यंत सोडायचं नाही. मधल्या काळात आतली चादर मिळायची नाही.

मी राहतो भंडारदऱ्याजवळच्या एका गावात. कपाट मात्र इथलं नाही, ते मिरजगावचं. दोन्ही गावं नगर जिल्ह्यातच आहेत. जिल्हा एक, कलेक्टर एक, आभाळं दोन. आमच्याकडे जुलैत छत्री ही वस्तू निरुपयोगी ठरते, कारण पाऊस वरून कमी आणि समोरून जास्त येतो. तिकडे कर्जत तालुक्यात छत्री उन्हासाठी घेतात.

माझे सासरे त्या उन्हातले. त्यांच्या बांधावर एक जुना कडुनिंब होता. वळवाच्या वादळात तो आडवा झाला. त्यांनी त्याच्या फळ्या पाडून घेतल्या आणि घरामागे रचून वर्षभर उन्हात वाळवल्या. पुढच्या वैशाखात त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न माझ्याशी ठरलं, आणि त्या फळ्यांचं काय करायचं हा प्रश्न सुटला. अंगणात ताडपत्री बांधून त्यांनी सुताराला बसवलं आणि स्वतः पानाची चंची घेऊन त्याच्यासमोर बसले. सुताराने काय करायचं हे सुताराला माहीत होतं, तरी ते सांगत राहिले. मागच्या फळीचे खिळे तर त्यांनी स्वतःच ठोकले. लेकीच्या कपाटाला बापाचा हात लागला पाहिजे म्हणून.

कपाट असं जमलं की दोन दारं मिटल्यावर त्यांच्यामधली रेघ शोधावी लागे. सासऱ्यांनी मिशीचा एक केस उपटला आणि फटीला लावून पाहिला. केस आत जाईना. हा प्रयोग त्यांनी भावकीसमोर केला, मग शेजाऱ्यांसमोर, आणि शेवटी लग्नाच्या मांडवात, रुखवताच्या टेबलाशेजारी. माइकवर आहेराची नावं पुकारणं चालू होतं. ते थांबवून कपाटाची घोषणा झाली. लोक उठून केस बघायला आले. नवरदेवाकडे बघायला इतके लोक आले नव्हते. माझ्या सासऱ्यांची मिशी त्या महिन्यात एका बाजूने विरळ झाली होती, असं माझी बायको अजून सांगते.

त्या भागात मुलीसाठी स्थळ बघताना बाकी सगळं बघतात, पण आधी पाणी बघतात. माझ्यात बघण्यासारखं फार काही नव्हतं. पर्मनंट नोकरी, जाड भिंगाचा चष्मा आणि पुस्तकांचा एक ढीग, ज्याच्याकडे बघून सासूबाई म्हणाल्या होत्या, "ह्ये रद्दीवाल्याला का देत न्हाईत?" सासऱ्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न पगाराचा नव्हता.

"पाव्हणं, तुमच्याकडं नळाला पानी किती येळ येतं?"

मी म्हणालो, "नळ बंद करायला विसरलो तर दिवसभर."

त्यांनी तिथल्या तिथे घरात आवाज दिला, "चहा टाका गं!" आमचं लग्न त्या वाक्यावर ठरलं. पुढे कितीतरी वर्षं ते मिरजगावच्या बाजारात ओळखीच्या प्रत्येकाला थांबवून सांगत असत, "लेक पान्याच्या गावाला दिली."

तर अशा रीतीने वैशाखात वाळलेल्या लाकडाचं, वैशाखात जोडलेलं, केसभरही फट नसलेलं कपाट टेम्पोत बसून नगर, संगमनेर, अकोले करत आमच्या घरी आलं. इथे आल्यावर महिनाभर ते गुण्यागोविंदाने उघडत आणि मिटत होतं. मग पाऊस सुरू झाला.

याबद्दल नंतर मी वाचलं. लाकूड हवेतली ओल पितं आणि फुगतं, पण लांबीत फारसं नाही, रुंदीत. माणसांचंही चाळिशीनंतर असंच होतं, त्यामुळे मला ते समजायला जड गेलं नाही. फुगायला जागा असेल तर लाकडाला काही अडचण नसते. आमच्या कपाटाला जागाच ठेवलेली नव्हती. तीच तर त्याची कीर्ती होती. दोन दारं एकमेकांना अशी भिडली की मूठ हातात आली आणि दार जागेवर राहिलं.

लग्नानंतरचा तो पहिला पावसाळा. माझ्या बायकोची सगळी लुगडी आत होती. ती दोन साड्यांवर राहिली, आणि त्या दोन्ही कधी वाळल्या नाहीत. मी म्हणालो, "मामांना फोन करून विचारू, काय करायचं ते."

ती म्हणाली, "आबांना यातलं एक अक्षर कळता कामा नये."

"का?"

"त्यांनी मांडवात केस लावून दाखवलाय."

मला ते कारण पुरेसं वाटलं नाही. पण मी नवीन होतो. नवीन माणसाने कारणं तपासत बसू नये, हे मी पुस्तकांत वाचलेलं नव्हतं, तरी कळलं.

पुढे आम्ही सरावलो. रोहिणी सरत आल्या की घरात एक छोटं स्थलांतर व्हायचं. गोधड्या, साड्या, माझे स्वेटर, लागणारं सगळं पत्र्याच्या पेटीत जायचं. न लागणारं कपाटात राहायचं. मग देव झोपायच्या थोडं आधी कपाट झोपायचं आणि देव उठल्यावर, मनात येईल तेव्हा, उठायचं. शाळेतले सहकारी विचारत, "चातुर्मासात तुमच्याकडे काय बंद असतं? कांदा? वांगी?" मी सांगत असे, "कपाट."

गावातला सुतार दरवर्षी डोकावून जाई. "वहिनी, दोन पापुद्रे काढतो रंध्यानं, लगेच उघडंल." ती त्याला चहा देई आणि रंधा पिशवीतच ठेवायला सांगे. मेणबत्ती घासून पाहिली, आत मिठाची वाटी ठेवून पाहिली. मिठाचं पाणी झालं आणि ते खालच्या कप्प्यात सांडलं. एका वर्षी मी आत दिवा लावून ठेवावा म्हणून वायर ओढली, पण पावसात आमच्याकडे दार फुगतं तशी वीज आटते, त्यामुळे तो प्रयोग अपुरा राहिला.

सासरे दरवर्षी वैशाखात यायचे. शेतात काम नसायचं तेव्हा. पिशवीत लिंबं, पोत्यात ज्वारी आणि एखाद्या फडक्यात बांधलेले हुलगे. हात-पाय धुऊन झाले की चहाच्या आधी कपाटापाशी जायचे. वैशाखात कपाट शुद्धीवर असायचं. दार एका बोटाने ओढलं की उघडायचं. ते मिशीला हात घालायचे, केस लावून बघायचे आणि माझ्याकडे वळून म्हणायचे, "पाव्हणं, बगा." मी बघायचो. मृगाच्या आधी पेरणीसाठी ते परत जायचे. आणि वर्षभर दर रविवारी फोन.

"पाऊस?"

"हाय की, आबा."

"कपाट?"

"मस्त."

फोनवर बापाशी बोलताना ती लगेच तिकडची होते. ठेवला की परत इकडची. तो 'मस्त' मी इतक्या वेळा ऐकला की जुलैत, समोर घट्ट मिटलेलं दार दिसत असतानाही, मला तो खरा वाटू लागला होता.

काही वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. त्यांनी आपल्या जुन्या लुगड्यांची एक गोधडी शिवून लेकीला दिली होती. सासरे वैशाखात आमच्याकडे आले की उकाड्यातही ती पायावर घ्यायचे.

ज्या वर्षाबद्दल मी सांगतो आहे त्या वर्षी पाऊस वळीव म्हणून आला आणि पावसाळा होऊन राहिला. आमचं स्थलांतर झालंच नाही. गोधड्यांसकट सगळं आत अडकलं. बायको दोन दिवस चिडचिडली, मग बाजारातून दोन ब्लँकेटं घेऊन आली आणि विषय संपला. निदान तसं वाटलं.

जुलैतला एक दिवस. शाळेला पावसाची सुट्टी होती. दुपारी फोन वाजला.

"बाई, राजूरला उतरलोय. जीप भेटली की येतो."

तिने फोन कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडे असं बघितलं, जशी काही चूक फोनची होती. "आबा आलेत," ती म्हणाली. मग खाली बसली. मग उठली. "जुलैत! जुलैत कोण येतं?"

झालं होतं असं की मोबाईलवर कोणीतरी त्यांना धरणाच्या धबधब्याचा व्हिडिओ पाठवला होता. तिकडे पेरण्या खोळंबल्या होत्या. घरात बसून आभाळाकडे बघण्यापेक्षा जिथे आहे तिथे जाऊन बघावं, असा त्यांनी विचार केला आणि एसटीत बसले.

राजूरहून आमच्या गावी यायला फार वेळ लागत नाही. तेवढ्यात आम्ही जे केलं ते सांगण्यासारखं नाही, पण सांगतो. तिने तव्यावर फडकं गरम करून दाराच्या कडा शेकल्या, सुजलेला गुडघा शेकावा तशा. मी पट्टी घालून बघितली, ती मोडली. ती शाळेची होती. मी म्हणालो, "शेजारून पहार आणतो."

"माझ्या बापाच्या कपाटाला पहार लावायची?"

"मग खरं सांगून टाक."

"सांगायचं असतं तर पहिल्या वर्षी सांगितलं असतं. आता काय सांगू? एवढी वर्षं दर रविवारी खोटं बोलत होते?" तिचे डोळे भरून आले. तव्याच्या धुराने असतील असं समजून मी खिडकी उघडली, तर पाऊस आत आला.

शेवटी ठरलं की किल्ली हरवली असं सांगायचं. कल्पना तिची होती. मला ती शाळकरी वाटली, आणि शाळेतल्या सबबींचा माझा अभ्यास दांडगा आहे. पण दुसरी नव्हती.

सासरे आले ते गळ्यापर्यंत भिजून आणि कानांपर्यंत हसत. धोतर पिळत दारात उभे राहिले. "काय पानी, काय पानी! रस्त्याला पानी, डोंगराला पानी. जीपवाला म्हनतो, काच वर करा. म्हनलं, ऱ्हाऊ दे की बाबा, येऊ दे आत." आंघोळीला बसले तेव्हा त्यांनी बादली भरायच्या आधीच नळ बंद केला. त्यांना तशी सवय होती. मग परत सोडला. मग परत बंद केला. आतून नळाचा तो चालू-बंद आवाज बराच वेळ येत होता.

चहा झाला. कपाटाकडे त्यांनी एकदा बघितलं आणि मला वाटलं, धबधब्याच्या नादात या वेळी केसाची परीक्षा हुकली. पण संध्याकाळी गारठा वाढला. त्यांनी पाय जवळ ओढले आणि म्हणाले, "बाई, तुज्या आईची गोधडी दे गं."

माझ्या बायकोने माझ्याकडे बघितलं. मी पुस्तकात बघितलं.

"आबा, किल्ली घावना कपाटाची. पाव्हण्यांनी कुठं ठिवली काय म्हाईत."

हे कटात ठरलेलं नव्हतं. किल्ली हरवणार होती, ती मी हरवली आहे हे मला त्याच वेळी कळलं.

"आसं व्हय," सासरे म्हणाले. त्यांनी कनवटीची चंची काढली. पानं, चुना, सुपारी, अडकित्ता असं एकेक बाहेर ठेवलं. तळाशी एक किल्ली होती. "दोन दिल्त्या सुतारानं. एक तुला दिली, एक माझ्यापाशी ऱ्हायली. म्हनलं, आसावी. कपाटाची एक किल्ली माहेरी आसावी."

इतकी वर्षं ती चंचीत होती. चुन्याने एका बाजूने पांढरी झालेली.

ते उठले. किल्ली घातली, फिरवली. कुलूप उघडल्याचा आवाज झाला, तो आम्हा तिघांनाही ऐकू आला. त्यांनी दार ओढलं. दार हललं नाही. त्यांनी पाय रोवून ओढलं. कपाट सबंध दोन बोटं पुढे आलं, दार तिथेच.

पाऊस पत्र्यावर बोलत होता तेवढाच.

"आबा," ती म्हणाली, "पावसाळ्यात न्हाई उघडत ते."

"कधीपासनं?"

"पयल्या वर्सापासनं."

"आन् तू मला सांगत हुतीस, मस्त."

"मस्तच हाय. दिवाळीनंतर."

ते खाटेवर येऊन बसले. किल्ली हातात तशीच. मग त्यांनी विचारलं, "आजून काय काय मस्त हाय?"

मला वाटलं होतं त्यांना कपाटाचं वाईट वाटेल. त्यांना कपाटाचं काहीच वाटत नव्हतं. ते मिशीला हातही लावत नव्हते. त्यांना रविवारचे सगळे फोन आठवत होते.

मग ती बोलली. मला न विचारता, माझ्याकडे न बघता. आगपेटी पेटत नाही. पापड तळला की वाकतो. पट्ट्याला, चपलांना, देवघरातल्या पोथीलासुद्धा हिरवी बुरशी येते. कपडे चुलीवर दोरी बांधून वाळवते, म्हणून सगळ्यांना धुराचा वास येतो, साहेबांनासुद्धा. साहेब म्हणजे मी. पहिल्या वर्षी सूर्य किती दिवस दिसला नाही म्हणून ती मागच्या दारी जाऊन रडली होती. गुडघे दुखतात. हे शेवटचं मलाही माहीत नव्हतं.

सासरे ऐकत होते. ती थांबली तेव्हा म्हणाले, "हितं देऊन चूक केली का गं मी?"

"तुमी चूक केली आसती तर मी तवाच सांगितलं आसतं. मी काय गप बसनारी हाय का?"

"कपाटाचं बसलीस की."

"कपाट तुमचं हुतं, आबा. संसार माझा हाय." मग तिने पदराने नाक पुसलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आन् हंडा घिऊन टँकरमागं पळावं लागत न्हाई. तेवढ्यासाठी मी पापड वाकलेला खाते."

सासरे हसले. पूर्ण नाही, थोडे. उठून कपाटापाशी गेले आणि दारावर तळहात ठेवून उभे राहिले, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. "ह्या झाडाला मी जल्मात कधी पानी घातलं न्हाई," ते म्हणाले. "घालायला हुतं कुठं? बांधावर आपलं आपलं जगलं. आता भेटलंय तर पितंय. त्याला तरी काय म्हनायचं?"

मी मराठीचा शिक्षक. असं वाक्य कानावर पडलं की लिहून ठेवायची खोड आहे. वही काढली, पण पान दमट होतं. शाई फुटली आणि 'पितंय'चा डाग झाला.

पांघरुणाचा प्रश्न राहिलाच होता. बाजारातली ब्लँकेटं त्यांनी नाकारली, त्यांना नवेपणाचा वास येत होता. तेव्हा मी माझ्या सत्काराच्या शाली काढल्या. शिक्षकाला आयुष्यात पगाराखालोखाल शालीच मिळतात. व्याख्यानाला शाल, परीक्षक म्हणून शाल, उद्घाटनाला शाल. दुरून त्या भरजरी दिसतात. उजेडाकडे धरल्या की पलीकडचं कॅलेंडर वाचता येतं. त्या पांघरून आजवर कोणाला ऊब आल्याचं ऐकिवात नाही. सासऱ्यांनी एकीवर एक अशा अंगावर घेतल्या, सोनेरी काठ गळ्यापाशी ओढून म्हणाले, "पाव्हणं, एवढा मान आन् थंडी जाईना?"

सकाळी ते आमच्या आधी उठले होते. मी गेलो तर कपाट भिंतीपासून पुढे ओढलेलं आणि सासरे त्याच्या मागे. "मागची फळी माझ्या हातची हाय," आतून आवाज आला. "माझे खिळे मला वळखत्यात." खिळे कुरकुरले, फळी निघाली. मग बरीच धडपड ऐकू आली. मग धाडकन दोन्ही दारं उघडली आणि कपाटात, साड्यांच्या दोन गठ्ठ्यांमध्ये, माझे सासरे बसलेले दिसले. डोक्यावर जाळं, मांडीवर गोधडी. माझी बायको हातातला चहा खाली ठेवून इतकी हसली की शेवटी रडली, आणि या वेळी घरात धूर नव्हता.

"सुताराला बोलवा," सासरे बाहेर पडता पडता म्हणाले.

सुतार रंधा घेऊन आला. इतक्या वर्षांनी पिशवीतून रंधा बाहेर काढायची परवानगी मिळाल्यामुळे तो जरा गंभीर झाला होता. दारं बिजागरीतून काढून आडवी ठेवली. हात चालवायच्या आधी तो थांबला. "बाबा, आत्ता फुगलेलं हाये. आत्ता तासलं तर उन्हाळ्यात आक्रसंल. फट पडंल चांगली. उन्हाळ्यात तासू, बेतानं."

मी सासऱ्यांकडे बघितलं. केस, मिशी, मांडव, माइक, सगळं त्या फटीतून जाणार होतं.

"तासा," ते म्हणाले. "उन्हाळ्यात मी येतोच की. फट मी बघीन. पावसाळ्यात हिला उघडाय पायजे."

सुताराने रंधा मारला. कडुनिंबाचे पापुद्रे गुंडाळत खाली पडले आणि घरभर कडू वास पसरला. सासरे मोठ्या मनाने "आजून, आजून" म्हणत होते. दुसरा सुतार असता तर त्यांना थांबवत बसला असता. हा पोक्त होता, ते सांगतील तेवढं काढत गेला. दारं परत बसवली तेव्हा ती एका बोटाने ओढून उघडली. जुलैत. माझ्या बायकोने तीन-चारदा उघडून मिटून बघितलं. मग काहीच कारण नसताना एक साडी काढली आणि परत ठेवली.

दुपारी आम्ही त्यांना धबधबा दाखवायला नेलं. ते कठड्याला धरून बराच वेळ उभे होते. तिथे कोणाचाच आवाज कोणाला ऐकू येत नव्हता, त्यामुळे ते काय म्हणाले ते मला सांगता येणार नाही. परत येताना जीपमध्ये त्यांनी लेकीचे गुडघे चाचपून बघितले आणि मिरजगावला एक तेल मिळतं ते पाठवतो म्हणाले. ते तेल आलं. पुढच्या रविवारपासून फोनही बदलला.

"पाऊस?"

"लई."

"कपाट?"

"उघडतं."

"गुडघं?"

"न्हाई उघडत."

आणि दोघं हसायची. मी आत पुस्तक वाचत असलो तरी मला ते ऐकू यायचं, आणि मला ते पूर्वीच्या 'मस्त'पेक्षा बरं वाटायचं.

पुढच्या वैशाखात सासरे लिंबं घेऊन आले. हातपाय धुतले आणि कपाटापाशी गेले. लाकूड आक्रसलं होतं. दोन दारांमध्ये अशी फट होती की आतल्या साड्यांचे रंग बाहेरून मोजता येत होते. बायको स्वयंपाकघराच्या दारात पदर हातात धरून उभी होती. ते फटीकडे बघत राहिले. सवयीने हात मिशीकडे गेला, मग खाली आला.

"केस काय," ते म्हणाले, "बैल जाईल हितनं." आणि चहा मागितला.

ते आता वर्षातून दोनदा येतात, वैशाखात फट बघायला आणि श्रावणात पाणी बघायला. आंघोळीला बसले की नळ एकदाच सोडतात आणि एकदाच बंद करतात. दुसरी किल्ली अजून त्यांच्या चंचीत आहे, कपाटाला आता कुलूप बसत नसलं तरी. मिरजगावच्या बाजारात ते माणसं थांबवून काय सांगतात ते मला ठाऊक नाही, पण "पान्याच्या गावाला दिली" हे अजून सांगतात असं ऐकतो.

कपाट पावसाळ्यात नीट मिटतं आणि उन्हाळ्यात मिटत नाही. पत्र्याची पेटी रिकामी झाली. गोधडी वरच्या कप्प्यात असते. जागा झाली म्हणून माझ्या सगळ्या सत्काराच्या शालीही घडी घालून तिच्याच शेजारी ठेवल्या होत्या.

गेल्या उन्हाळ्यात त्या फटीतून एक उंदरीण आत गेली. तिने शाली सगळ्या कुरतडल्या आणि गोधडीत बाळंतपण केलं.